हिरड्याच्या तराजूत लेक

माझ्या हातून जन्मात एकच शोध लागला, आणि तो आमच्या भागातल्या प्रत्येक बाईला माझ्या आधीपासून ठाऊक होता. पण शोध तो शोध. म्हणून घरात बाळंतीण आली, पाळणा बांधला गेला, की पोरं मला घेरतात आणि म्हणतात, "शेळीची गोष्ट सांगा." शेळी त्यात बरीच उशिरा येते. आधी तराजू येतो.

तेव्हा मी ऐन तारुण्यात होतो आणि कुंभारवाडा या गावी हिरडा तोलायच्या कामावर होतो. मूळचा मी खानापुराकडचा. एका व्यापाऱ्यानं कुंभारवाड्याच्या रानात वखार बांधली होती. आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसं जंगलातून हिरडा वेचून, वाळवून, डोक्यावरच्या टोपल्यांतून आणायची. तो तोलून घ्यायचा, पोत्यांत भरायचा आणि गाड्यांतून घाटाखाली पाठवायचा. कातडी कमवायला हिरडा लागतो. माझं काम नुसतं तोलायचं नव्हतं. ओल ओळखायची, हे खरं काम. अर्धवट वाळलेला हिरडा वजनाला जास्त भरतो, आणि कुणी वरून पाणी शिंपडलं तर विचारूच नका. मी एक हिरडा उचलायचा, दाताखाली धरायचा, दोन एकमेकांवर आपटून आवाज ऐकायचा आणि टोपलीवाल्याकडं न बघता सांगायचं, "दोन शेर पाणी आहे यात." या विद्येचा मला फार गर्व होता. गावातली सुईण, जिला आम्ही सगळेच अव्वा म्हणायचो, तीही हिरडा घेऊन यायची. एकदा भर गर्दीत तिच्या टोपलीतला हिरडा चावून मी म्हटलं होतं, "अव्वे, पाणी किती आणलंस गं?" सगळे हसले. ती हसली नाही. नुसतं बघितलं माझ्याकडं. ते बघणं पुढं कामाला आलं.

बायको आणि मी वखारीच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायचो. घरात तिसरं माणूस नव्हतं. झालं होतं एक, पण राहिलं नाही. आमचा पहिला मुलगा तीन महिन्यांचा होऊन गेला. कधी खंगायला लागला ते आम्हाला कळलंच नाही. रोज बघणाऱ्याला दिसत नाही. शेवटी अव्वानं त्याचा हात धरून माझ्याकडं पाहिलं, तेव्हा मला दिसलं, आणि तेव्हा दिसून काही उपयोग नव्हता.

वर्ष-दीड वर्षानं मुलगी झाली. ज्येष्ठ संपत आला होता. पावसात आमच्याकडं हिरडा येत नाही. वखार रिकामी, पोती रिकामी, आढ्याला टांगलेला मोठा तराजू रिकामा. आणि तोलणारा हा दिवसभर त्याच्याकडं बघत बसलेला. बाळ झोपलं की मी त्याच्याकडं बघायचो, तराजूकडं बघायचो. या खेपेला मला आधी कळायला हवं होतं. दुसरं काही डोक्यात नव्हतं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती बाळाला तेल लावत होती. तिचा हात थांबला.

"लेकराला कुणी तोलतं व्हय? हिरडा हाय काय ती?"

"महिन्यातनं एकदा. पुनवेला."

"दिष्ट लागंल."

"माझीच तर नजर. माझी कशी लागेल?"

"तुमचीच लागंल," ती म्हणाली. "जी वस्तू तुमच्या तराजूत जाती ती कमीच भरती. सगळा गाव सांगतोय."

पण तिलाही पहिल्याची आठवण होती. आषाढातल्या पुनवेला तिनं बाळाच्या गालाला तीट लावली, मग वखारीत येऊन तराजूच्या दांडीलाही काजळाचा एक ठिपका लावला आणि म्हणाली, "घ्या तोलून."

लाकडी पारड्यात उघडं बाळ कसं ठेवायचं? म्हणून मी माझं कांबळं आणलं. पावसात डोक्यावर खोळ करून मी जे कांबळं घेऊन हिंडायचो तेच. ऊब त्याच्यात चांगली होती. आता कांबळ्याचं वजन बाळाच्या वजनात जायला नको. यावर तोलणाऱ्यांकडं साधा उपाय असतो. आधी रिकामं कांबळं एका पारड्यात ठेवायचं आणि दुसऱ्या पारड्यात त्याच्या भाराचा दगड. त्याला आम्ही धडा म्हणतो. ओढ्यावर जाऊन मी दगड बघत फिरलो आणि तिसराच दगड असा सापडला की काटा जागेवर उभा राहिला. काळा, गुळगुळीत, बेतशीर. मला इतका आनंद झाला की मी तो दगड धुऊन, पुसून, कोनाड्यात ठेवला. देवाच्या शेजारच्या. बायको म्हणाली, "आता त्याला फूल वाहा."

बाळ चार शेर भरलं. वखारीच्या खांबावर मी कोळशानं एक रेघ मारली. श्रावणात पावणेपाच शेर. पहिल्या रेघेच्या वर दुसरी रेघ. भाद्रपदात सव्वापाच, तिसरी. मी येता-जाता त्या तीन रेघांकडं बघायचो. माणूस शेताकडं बघतो तसा. पोरीच्या मनगटाला वळ्या पडल्या होत्या, ती माझा आवाज ऐकला की मान वळवायची, पण मला ते कशाला दिसतंय? मला रेघा दिसत होत्या.

मग पाऊस ओसरला. नवरात्र आलं, दसरा गेला. चार महिने न दिसलेलं ऊन पडलं आणि घरोघरी अंथरुणं, पांघरुणं, सुपं, टोपल्या, सगळं अंगणात आलं. मीही कांबळं काढून वखारीच्या कुडावर टाकलं. चार-पाच दिवस ते तिथं तापत होतं. मीच टाकलं होतं, मीच रोज संध्याकाळी उचलत होतो, आणि हे मी मुद्दाम सांगतोय, कारण यातच सगळा माझा शहाणपणा आहे.

आश्विनातल्या पुनवेला सकाळी मी बाळाला कांबळ्यावर ठेवलं, दगड समोर ठेवला, वजनं ठेवली. काटा हलला आणि थांबला. पाच शेर.

मी वजनं उतरवली, परत ठेवली. पारड्यांच्या दोऱ्या बघितल्या. दांडीवरचा काजळाचा ठिपकासुद्धा पुसून बघितला. पाच शेरच. महिन्याभरात पोर वाढली तर नाहीच, पावशेर उतरली. मी खांबापाशी गेलो आणि चौथी रेघ तिसरीच्या खाली मारली. रेघ वाकडी आली. तीन महिन्यांचा होऊन गेलेला तो माझ्या डोळ्यांपुढं आला.

बायको दारात उभी होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण रेघ वर आणि रेघ खाली एवढं कळायला अक्षर कशाला लागतं? ती खांबाकडं बघत राहिली.

"म्हंजे माझं दूध..." ती म्हणाली.

मी म्हणायला हवं होतं, तसं नाही. मी म्हटलं, "तसंच असणार."

तेवढ्या दोन शब्दांचं वजन मी अजून केलेलं नाही. तराजू पुरायचा नाही त्याला.

ती आत गेली. दिवसभर तिनं पोरीला मांडीवरून खाली ठेवलं नाही. सारखी पदराखाली घ्यायची, काढून तिचं तोंड बघायची, परत घ्यायची. स्वतः मात्र ताटावरून उठली. "घास उतरत न्हाई," म्हणाली. संध्याकाळी मला विचारलं, "अवो, पयल्याचं बी असंच झालं आसंल का? माझ्याच्यानंच?" मी गप्प राहिलो. मला वाटलं, गप्प राहणं म्हणजे समजूतदारपणा.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गुंद गावाला निघालो. तिथं एकाकडं दुभती शेळी आहे असं ऐकलं होतं. पाऊस थांबला तरी रानातली वाट ओलीच होती. ज्या जळवांना चार महिने कुणी भेटलं नव्हतं त्या सगळ्या मला भेटायला आल्या. शेळीच्या मालकानं मला बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि शेळीचं इतकं कौतुक केलं की ती देताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. परतीच्या वाटेवर मला कळलं की ते पाणी आनंदाचं असावं. ती शेळी दहा पावलं चालायची आणि बसायची. मी ओढायचो, ती बसायची. शेवटी ओढा आला तेव्हा मी तिला खांद्यावर घेतलं. दिवस कलला तेव्हा आमची मिरवणूक कुंभारवाड्याच्या वाटेला लागली. पायांतून जळवांचं रक्त, खांद्यावर शेळी आणि शेळीच्या तोंडात माझ्या मुंडाशाचं टोक. वाटेवरच अव्वाचं घर. ती दारात नाचणी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. उठून माझ्या मागोमाग चालायला लागली.

घरी येऊन मी शेळी पिळली, दूध तापवून निववलं, बोंडल्यात भरलं आणि बायकोपुढं धरलं. बोंडलं म्हणजे लेकराला पाजायचं चोचीचं भांडं. तिनं ते हातात घेतलं. पोर मांडीवर होती. ती ना पाजत होती, ना ठेवत होती. डोळ्यांतून धार लागली होती.

मागून आवाज आला, "शेळी कुणासाठी?"

"पोरीसाठी," मी म्हटलं.

"आत्तापासनं शेळ्या राखणार व्हय पोरगी?"

"अव्वे, चेष्टा नको. पोर उतरलीय. पावशेर. दूध पुरत नाही तिला."

"कोण म्हनतंय?"

"तराजू."

अव्वा खाली बसली. बायकोच्या हातातलं बोंडलं काढून तिनं बाजूला ठेवलं आणि पोरीला उचलून आपल्या पसरलेल्या पायांवर घेतलं. पोर तिच्याकडं बघून हसली. अव्वानं तिचे दंड दाबले, मांड्या दाबल्या, टाळू चाचपली. मग कमरेचा करदोरा बोटात धरून माझ्याकडं वळली.

"बारशाला ह्यो मीच बांधला. दोरा लांब ठेवून सात गाठी मारल्या व्हत्या. आता मोज."

मी मोजल्या. "तीन."

"मग चार कुठं गेल्या? शेळीनं खाल्ल्या?"

बायको हळूच म्हणाली, "मी सोडल्या. काचायला लागला की एक सोडायची, तूच सांगितलं व्हतंस. परवा दसऱ्याला चौथी सोडली."

"आइकलंस? परवा," अव्वा म्हणाली. "वाळत्या लेकराचा करदोरा ढिला हुतो, लेका. काचत न्हाई."

मी म्हटलं, "पण अव्वे, तराजू..."

"बाळोती कोण वाळत घालतं?"

हा प्रश्न तिनं विचारायला नको होता. घरात तिसरं माणूस नसल्यामुळं ते काम माझ्याकडं होतं, आणि गावातल्या पुरुषांना दिसू नये म्हणून मी ते वखारीच्या मागं करायचो. पावसाभर निखाऱ्यावर टोपली पालथी घालून तिच्यावर वाळवत होतो. त्या कामाला मी इतका वैतागलो होतो की पोरीला म्हणायचो, "बाई गं, ओढासुद्धा कधीतरी आटतो."

"मीच," मी म्हटलं.

"काल किती घातलीस?"

"मोजली नाहीत."

"आरं देवा! सगळ्या गावाचा हिरडा मोजतोस, आन् ह्ये न्हाई मोजलंस?" ती उठली, मागच्या दारानं गेली, दोरीवरची बाळोती मोजून परत आली. "धा हायत. आन् दोन खाली बादलीत. वरनं काय गेलं न्हाई तर खालनं यील कुठनं? तिच्या आईचं दूध न्हाई, तर ही काय पावसाचं पाणी पिती?"

बायकोनं पहिल्यांदा मान वर केली.

मी मात्र मान खाली घालणाऱ्यांतला नव्हतो. म्हटलं, "तराजू खोटं बोलत नाही अव्वे."

"तराजू न्हाईच बोलत. तू बोलतोस. चल, दाव."

आम्ही वखारीत गेलो. मी, अव्वा, आणि पोरीला घेऊन मागून बायको. कांबळं पारड्यातच होतं. अव्वानं त्याच्यावरून हात फिरवला. कोपरा उचलला. मग माझ्याकडं बघत, अगदी माझ्यासारखा, दाताखाली धरला. चावला. कानाशी नेला. मला अजून कळलं नव्हतं.

"तुझा देव आण कोनाड्यातला," ती म्हणाली.

मी दगड आणला. तिनं पोरीला ठेवू दिलं नाही. नुसतं कांबळं एका बाजूला. मी दगड दुसऱ्या पारड्यात ठेवला आणि हात काढला.

दगडाचं पारडं खाड्कन जमिनीला टेकलं. कांबळं वर जाऊन झुलत राहिलं.

मी कांबळ्याच्या बाजूला पावशेर ठेवला. हललं नाही. अजून एक पावशेर. अजून एक. चौथा ठेवला तेव्हा काटा हळूहळू उभा राहिला. एक शेर. आषाढात मी ज्या कांबळ्याच्या भाराचा दगड शोधला होता, ते पावसात भिजलेलं कांबळं होतं. दगड होता तेवढाच राहिला. कांबळं मी उन्हात घातलं आणि त्यातलं शेरभर पाणी उडून गेलं. ते शेरभर मी माझ्या पोरीच्या अंगातून वजा करत होतो. आणि तिच्या आईच्या.

अव्वा माझ्या कानाशी आली.

"पाणी किती आणलं व्हतंस रे?"

दोन वर्षं तिनं ते जपून ठेवलं होतं. मी हसलो. हसता हसता कधी रडायला लागलो ते कळलं नाही; मग अव्वाच म्हणाली, "बास, बास. कांबळं परत भिजंल."

मग आम्ही पोरीला नीट तोललं. कोरडं कांबळं, त्याच्या बाजूला ते चार पावशेर, समोर दगड, आणि मग वजनं. एक-एक करून सहा शेर चढले तेव्हा काटा उभा राहिला.

सहा शेर. मी ते तोंडातल्या तोंडात दोनदा म्हटलं. भाद्रपदापासून आश्विनापर्यंत पाऊण शेर पोर नवीन झाली होती. कशाची? मी आजवर जे तोलत आलो ते सगळं कमी होणारं होतं. हिरडा झाडावरून उतरला की तो वाळतच जातो, दिवसागणिक हलका होतो. माझी सगळी विद्या म्हणजे काय काय जातं ते ओळखायची विद्या. आणि इथं माझ्याच आढ्याखाली एक वस्तू रोज वाढत होती आणि तिला बाहेरून काही लागत नव्हतं. बायको सकाळी पेज प्यायची, दुपारी भात आणि कुळथाचं कढण, रात्री नाचणीची भाकरी. त्याचं दूध झालं होतं, आणि दुधाची नखं झाली होती. आठवड्याला कापावी लागत होती, ती नखं. त्याचे केस झाले होते, पापण्या झाल्या होत्या, पायाच्या करंगळीवरची ती एवढीशी वळी झाली होती. ज्या भाताला मी "आज जरा चिकट झालाय" म्हणून नाव ठेवलं होतं, त्याचं हसू झालं होतं. हे सगळं दोन खोल्यांत, माझ्यापासून चार हातांवर चाललं होतं, आणि मी खांबावरच्या कोळशाकडं बघत बसलो होतो.

पोर पारड्यात कुरकुरायला लागली. बायको पुढं झाली, तिनं तिला उचललं आणि तिथंच रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर, आमच्याकडं पाठ करून बसली. अव्वा म्हणाली, "मी जाती. नाचणी उघडी हाय." जाताना शेळीकडं बघून म्हणाली, "हिचं दूध तूच पी. अशक्तपणा तुझ्या डोक्यात हाय."

आणि खरंच मीच प्यालो. गुंदचा मालक शेळी परत घ्यायला तयार होईना. पुढचे दोन-तीन महिने त्या शेळीनं आमच्या घरात एकाच माणसाचं वजन वाढवलं, आणि ते मोजायची कुणाला गरज वाटली नाही.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी मी वखारीत उभाच होतो. पोत्यांवरून आवाज येत होता. बारीक, ठराविक. घुटका, घुटका, मग थोडं थांबून श्वास, परत घुटका. चार महिने तो आवाज माझ्या घरात होता आणि मी तो कधी ऐकला नव्हता. मी, जो हिरड्याचा आवाज ऐकून ओल सांगायचो.

"अवो," बायको न वळताच म्हणाली.

"काय?"

"आधी ती रेघ पुसा."

मी खांबापाशी गेलो. चौथी रेघ तळहातानं घासली. कोळसा लाकडात मुरला होता, सहज जाईना. पदराच्या टोकासारखं काही नव्हतं जवळ, म्हणून मुंडासं काढून, शेळीनं चघळलेल्या ओल्या टोकानं पुसली. मग तिसरीच्या वर, सहा शेरांच्या जागी नवी रेघ मारायला कोळसा उचलला.

"ऱ्हाऊ द्या आता," ती म्हणाली. तिनं मान जराशी वळवली होती. "हितं या. बघा, कान कसा हालतोय तिचा पिताना."

मी जाऊन तिच्याशेजारी पोत्यावर बसलो आणि बघितलं. खरंच हलत होता.